आधीचा हक्क आणि बरोबरीचा हक्क: ऑस्ट्रेलियाच्या ॲबोरिजिनल लोकांचा लढा समजून घेताना

डिसेंबर २०२०. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला भारतीय संघ मेलबर्नला उतरला, हंगामी कर्णधार अजिंक्य रहाणेने शतक काढलं, भारत जिंकला आणि सामनावीर म्हणून त्याला 'मुलाघ पदक' मिळालं. पदक त्याच वर्षी सुरू झालेलं, पहिला मानकरी आपला डोंबिवलीकर. पण हा मुलाघ कोण, हे त्या आनंदात फार कुणी विचारलं नाही.

जॉनी मुलाघ हा ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी एक. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला पहिला क्रिकेट संघ १८६८ चा. त्यातले खेळाडू ॲबोरिजिनल होते, कर्णधार तेवढा इंग्रज. ४७ सामन्यांच्या त्या दौऱ्यात एकट्या मुलाघने १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. संघ परतला, आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियाच्या वसाहतीने कायदा केला: ॲबोरिजिनल माणसाने कुठे राहायचं, कुणाकडे काम करायचं, हे यापुढे सरकार ठरवेल. ज्यांना साहेबाच्या देशात टाळ्या मिळाल्या, त्यांना आपल्याच मुलुखात हलायला परवानगी लागू लागली.

दीडशे वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, ऑस्ट्रेलियाने सार्वमत घेतलं. मूळ रहिवाशांची एक सल्लागार समिती राज्यघटनेत नमूद करावी का, एवढाच प्रश्न. सुमारे ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. तिथे मतदान सक्तीचं असल्यामुळे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनाही मत द्यावं लागलं. हे मूळ रहिवासी नेमकं काय मागतात, एवढं सगळं दिल्यावर आणखी काय हवंय, असे प्रश्न तेव्हापासून इकडेही ऐकू येतात.

माझ्या समजुतीप्रमाणे या लढ्यात दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की काहीच उलगडत नाही. एक मागणी बरोबरीची: इतरांना जे आहे ते आम्हालाही द्या. दुसरी आधीच्या हक्काची: तुम्ही येण्यापूर्वी जे आमचं होतं ते मान्य करा. पहिली मागणी देशाने उशिरा का होईना, मान्य केली. दुसरी अर्धीमुर्धी. आणि २०२३ मध्ये पहिलीचं नाव पुढे करून दुसरी परत पाठवली गेली.

## जमीन कुणाचीच नाही, हे ठरलं कसं?

या खंडावर माणूस पन्नास हजारांहून अधिक वर्षं राहतो आहे. इंग्रज आले तेव्हा तिथे अडीचशेच्या वर भाषा होत्या, प्रत्येक समूहाचा ठरलेला मुलूख होता. हा एकच एक समाज नव्हता, आजही नाही. शिवाय उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक स्वतःला वेगळे मानतात, त्यांची गोष्ट पुढे येईलच.

जेम्स कुकला १७६८ मध्ये निघताना गुप्त सूचना होत्या की स्थानिकांच्या संमतीने जमीन ताब्यात घ्यावी. त्याने १७७० मध्ये पूर्व किनारा राजाच्या नावे जाहीर केला, संमती मात्र कुणाचीच घेतली नाही. २६ जानेवारी १७८८ ला अकरा जहाजांचा ताफा सिडनीला लागला आणि वसाहत सुरू झाली. (आपला प्रजासत्ताक दिन तोच त्यांचा 'ऑस्ट्रेलिया डे'. मूळ रहिवाशांपैकी बरेच जण तो शोकदिन म्हणून पाळतात.)

इंग्रजांनी इतरत्र युद्धं केली, तह केले. न्यूझीलंडमध्ये १८४० साली माओरींशी वैतांगीचा करार केला. ऑस्ट्रेलियात तसं काहीच झालं नाही. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या एका धंदेवाईक माणसाने आजच्या मेलबर्नच्या परिसरात स्थानिक वडीलधाऱ्यांशी 'करार' केला होता. घोंगड्या, कुऱ्हाडी, सुऱ्या आणि पिठाच्या बदल्यात सुमारे सहा लाख एकर. हा करार लबाडीचाच. पण गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द केला तो लबाडी झाली म्हणून नाही. जमीन राजाची आहे, ती विकायचा या लोकांना अधिकारच काय, असं त्यांचं म्हणणं.

या विचाराला कायद्याच्या भाषेत 'टेरा नलियस' म्हणतात, म्हणजे कुणाच्याही मालकीची नसलेली भूमी. माणसं दिसत होती, पण शेताला कुंपण, दगडी इमारत, राजा असं काही इंग्रजी डोळ्याला दिसलं नाही, म्हणून मालक नाही असं धरलं गेलं. १८८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींसाठी अपिलाचं शेवटचं न्यायालय) वसाहतीच्या वेळी हा प्रदेश जवळजवळ रिकामाच होता, असं एका निकालात लिहूनही टाकलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर असं समजा: एक कुटुंब पिढ्यान् पिढ्या जमीन वहिवाटतंय. बाहेरून कुणी येतो, तहसील कचेरी स्वतःच उघडतो, सातबारा स्वतःच छापतो, आणि मग त्या कुटुंबाला म्हणतो, दाखवा बरं उताऱ्यावर तुमचं नाव.

जमीन मोकळी मानली, पण ती मोकळी करावी लागली. १८३८ मध्ये मायल क्रीक इथे किमान २८ ॲबोरिजिनल बायका, मुलं, म्हातारे मारले गेले. त्या प्रकरणी सात गोऱ्यांना फाशी झाली, म्हणून ते लक्षात राहिलं. अशी शिक्षा होणं हाच अपवाद होता. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रदेशात कॉनिस्टनचं हत्याकांड झालं ते १९२८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बारडोलीचा सत्याग्रह चालू होता त्या वर्षी.

## 'संरक्षण' म्हणजे काय असायचं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकेका वसाहतीने 'संरक्षण कायदे' केले. संरक्षक मंडळ नेमायचं, लोकांना राखीव वस्त्यांवर ठेवायचं. लग्न कुणाशी, काम कुठे, गावाबाहेर जायचं की नाही, याला साहेबाची परवानगी. मजुरी बऱ्याच ठिकाणी सरकारी खात्यात जमा व्हायची आणि कामगाराच्या हाती पडायचीच नाही. क्वीन्सलंड सरकारने अशा बुडवलेल्या मजुरीपोटी २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरची तडजोड केली. तोवर कमावणाऱ्यांतले कितीतरी जण वारले होते.

पुढे काही राज्यांत सूट मिळाल्याचा दाखला निघाला. तो असेल तर या नियमांतून सुटका, पण बदल्यात आपल्याच माणसांशी संबंध तोडायचे. लोक त्या दाखल्याला 'कुत्र्याचा बिल्ला' म्हणत.

सगळ्यात खोल जखम मुलांची. मिश्र वंशाची मुलं आईपासून काढून संस्थांत किंवा गोऱ्या घरांत ठेवायची, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत हा समाज विरून जाईल, असा तो हिशेब. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीचा अंदाज असा की १९१० ते १९७० या काळात दहातलं एक ते तिनातलं एक मूल असं हिरावलं गेलं. 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात ते यांनाच.

## गप्प कुणी बसलं नव्हतं

हे लोक १९६० नंतर जागे झाले, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा. यॉर्टा यॉर्टा समाजाचे विल्यम कूपर यांनी म्हातारपणी गावोगाव फिरून १,८१४ सह्या जमवल्या आणि इंग्लंडच्या राजाला अर्ज केला: संसदेत आमचा एक प्रतिनिधी द्या. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मंत्रिमंडळाने तो अर्ज पुढे पाठवायचाच नाही असं ठरवलं. त्याच वर्षी २६ जानेवारीला, गोरे लोक वसाहतीची दीडशे वर्षं साजरी करत असताना, सिडनीत ॲबोरिजिनल मंडळींनी शोकदिन पाळला आणि पूर्ण नागरिकत्वाचा ठराव केला. आणि डिसेंबरात याच कूपर यांनी मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर मोर्चा नेला, तो जर्मनीतल्या ज्यूंच्या छळाविरुद्ध. आपल्याच समाजाला बरोबरीचे हक्क नाहीत, आणि दुसऱ्या खंडातल्या परक्या माणसांसाठी हा माणूस रस्त्यावर उतरतो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठा वाटतो तो हा म्हातारा.

पुढच्या वर्षी कमरागंजा वस्तीतले दोनशेच्या आसपास लोक व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून उठले आणि मरी नदी ओलांडून गेले. १९४६ मध्ये पश्चिमेच्या पिलबारा भागात सुमारे ८०० मजुरांनी संप केला, तो तीन वर्षं चालला.

वेव्ह हिलचा संप मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण दोन मागण्यांचा सांधा तिथे दिसतो. नॉर्दर्न टेरिटरीत व्हेस्टी या ब्रिटिश घराण्याचं हजारो चौरस किलोमीटरचं गुरांचं कुरण होतं. गुरं राखायला गुरिंजी समाजाचे लोक, ज्यांची मुळात ती भूमी. मोबदला म्हणजे पीठ, साखर, चहा, मांसाचे तुकडे आणि नावाला पैसे. समान वेतनाचा निकाल १९६६ मध्ये लागला, पण अंमलबजावणी १९६८ अखेरीपर्यंत लांबणीवर. २३ ऑगस्ट १९६६ ला व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे दोनशेजण काम सोडून निघाले.

सगळ्यांना वाटलं, मजुरीचा तंटा आहे, वाढ दिली की परततील. संपकऱ्यांनी मात्र डागुरागू नावाच्या जागी ठाण मांडलं आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरलना लिहिलं की आम्हाला आमची जमीन हवी. नऊ वर्षं ते तिथे बसून राहिले. १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथे गेले आणि लिंगियारींच्या ओंजळीत त्यांनी माती ओतली. पुढच्या वर्षी टेरिटरीसाठी जमीनहक्काचा कायदा झाला.

## मतदानाचा हक्क १९६७ साली मिळाला ना?

नाही. ऑस्ट्रेलियातही बरेच लोक असंच समजतात.

१९०२ च्या मतदान कायद्याने ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांच्या मूळ रहिवाशांना एकाच दमात मताधिकार नाकारला. राज्याच्या यादीत आधीच नाव असलेले मोजके अपवाद, आणि न्यूझीलंडचे माओरी या बंदीतून वगळलेले. म्हणजे आपणही त्याच वाक्यात होतो. १९२२ मध्ये व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री तिथे जाऊन भारतीयांची बाजू मांडून आले आणि १९२५ मध्ये तिथे राहणाऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना मत मिळालं. ॲबोरिजिनल लोकांना ते मिळालं १९६२ मध्ये. परक्या मुलुखातून आलेल्याला आधी, घरच्याला ३७ वर्षांनी. राज्य पातळीवर क्वीन्सलंडने तर १९६५ पर्यंत ताणलं.

१९६७ च्या सार्वमताने घटनेतल्या दोन गोष्टी बदलल्या: देशाच्या लोकसंख्येची गणती करताना मूळ रहिवाशांना मोजायचं नाही हे कलम गेलं, आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. पण हे कायदे त्यांच्या भल्याचेच असावेत, असं घटनेत कुठेही लिहिलं गेलं नाही. २००७ मध्ये टेरिटरीतल्या वस्त्यांवर केंद्राने बरीच बंधनं घातली, त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा लागला.

## झाडाच्या सालीवरचा अर्ज

बरोबरी कागदावर आली. आता जमीन. १९६३ मध्ये सरकारने टेरिटरीतल्या अर्नहम लँडमधल्या राखीव भूमीतून तीनशेहून जास्त चौरस किलोमीटरचा तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतला. तिथल्या योलंगू लोकांनी संसदेला अर्ज पाठवला: स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलेला, झाडाच्या सालीवर चिकटवलेला, भोवती आपल्या कुळांची चित्रं. ती चित्रं म्हणजे त्यांच्या दृष्टीने जमिनीची कागदपत्रंच.

खाण थांबली नाही. ते कोर्टात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला की या लोकांची कायद्याची व्यवस्था बारीक आणि पक्की आहे, पण इंग्रजी कायद्याला जी मालमत्ता कळते त्यात ती बसत नाही. म्हणजे कायदा आहे हे मान्य, जमीन मात्र नाही. सरकारने त्यावर भाडेपट्ट्याची सवलत पुढे केली. २६ जानेवारी १९७२ ला चार तरुणांनी कॅनबेराच्या संसदेसमोर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि पाटी लावली: ॲबोरिजिनल वकिलात. आपल्याच देशात आपण परके, तर आपलीही वकिलात हवीच की! ती तिथे आजही आहे.

टेरा नलियसचा पाया अखेर एका माळ्याने उखडला. एडी कोइकी माबो हे टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे, टाउन्सविलच्या जेम्स कुक विद्यापीठात बागकाम करायचे. घरच्या वडिलोपार्जित जमिनीबद्दल बोलताना तिथल्या दोन इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं की कायद्याने ती सरकारची आहे. माबोंचा विश्वासच बसेना. मेरवर परसबागांच्या हद्दी ठरलेल्या, वारसा ठरलेला. १९८२ मध्ये त्यांनी काही सोबत्यांसह दावा लावला. क्वीन्सलंडने मधेच दावा मोडण्यासाठी खास कायदा केला, तो १९८८ मध्ये रद्द ठरला. ३ जून १९९२ ला उच्च न्यायालयाने (तिथलं हेच सर्वोच्च) सहा विरुद्ध एक मतांनी सांगितलं की मूळ रहिवाशांचा हक्क वसाहतीपूर्वीपासून आहे आणि तो राजाच्या घोषणेने संपलेला नाही. माबो पाच महिन्यांपूर्वीच वारले होते. कुकच्या नावाच्या त्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाला आता माबोंचं नाव आहे.

## मग लोकांची घरंदारं जाणार का?

निकालानंतर हीच हाकाटी झाली. एका मुख्यमंत्र्याने तर शहरातल्या परसदारांवरही दावे येतील असं सांगितलं. प्रत्यक्षात या हक्काची, म्हणजे 'नेटिव्ह टायटल'ची, घडण फार नाजूक आहे. जिथे जमीन पूर्ण मालकीने विकली गेली तिथे तो हक्क संपला, कायमचा. उरतात ती सरकारी ओसाड भूमी आणि १९९६ च्या 'विक' खटल्यातल्या निकालानुसार गुरं चारायला सरकारने पट्ट्याने दिलेल्या काही जमिनी. तिथेही पट्टेदाराचा आणि मूळ रहिवाशाचा हक्क भिडला तर पट्टेदाराचा वरचढ.

शिवाय सिद्ध करायचं ते दावेदाराने: वसाहत आल्यापासून आजपर्यंत परंपरा आणि भूमीशी नातं तुटलेलं नाही. ज्यांना सर्वांत आधी हुसकलं त्यांनी हे कसं दाखवायचं? विल्यम कूपर यांच्या यॉर्टा यॉर्टा समाजाचं काय झालं पाहा. १८८१ मध्ये त्या भागातल्या ४२ जणांनी जमीन मिळावी म्हणून गव्हर्नरकडे अर्ज केला होता. शंभराहून जास्त वर्षांनी न्यायाधीशांनी तोच अर्ज पुरावा धरला की यांच्या परंपरा तेव्हाच संपल्या होत्या. एका गोऱ्या वसाहतवाल्याच्या लिखाणाला घरच्या म्हाताऱ्यांच्या साक्षीपेक्षा जास्त वजन मिळालं. २००२ मध्ये उच्च न्यायालयातही दावा हरला.

## "सगळे समान, मग यांनाच वेगळं काही कशाला?"

हा आक्षेप दुष्टपणाचा नाही, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. समान नागरिक म्हणून मिळणारा हक्क सरकार देतं. वारसाने आलेली जमीन सरकार देत नाही, ती असते. माबो खटल्यातली मागणी विशेष सवलतीची नव्हती. इतरांचा वारसाहक्क कायदा ओळखतो तसाच आमचाही ओळखा, एवढीच होती. आणि १९८८ मध्ये क्वीन्सलंडचा कायदा कशाच्या आधारे रद्द ठरला? समानतेसाठीच असलेल्या १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याच्या.

२०२३ मधली 'व्हॉइस' म्हणजे फक्त सल्ला देणारी समिती. नकाराधिकार नाही, पैसे वाटण्याचा अधिकार नाही. २०१७ मध्ये उलुरू इथे जमलेल्या प्रतिनिधींनी ती मागितली होती. घटनेतच का हवी, याचं कारण साधं: आधीचं राष्ट्रीय मंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २००५ मध्ये सरकारने मोडून टाकलं. पण घटना बदलायला देशभरात बहुमत आणि शिवाय सहापैकी चार राज्यांत बहुमत लागतं. १९०१ पासूनच्या ४५ प्रस्तावांपैकी आठच पार पडले आहेत, आणि दोन्ही मोठे पक्ष एकत्र नसताना एकही नाही. इथे विरोधी पक्ष विरोधात गेला, 'माहीत नसेल तर नाही म्हणा' ही घोषणा लोकप्रिय झाली, सहाही राज्यं नाही म्हणाली. मूळ रहिवाशांतही एकमत नव्हतं. त्यांच्यातल्याच खासदार जसिंता नंपिजिन्पा प्राइस यांना ही फूट पाडणारी गोष्ट वाटली, तर दुसऱ्या खासदार लिडिया थॉर्प यांना ती फारच मिळमिळीत वाटली, त्यांना आधी करार हवा होता. दुर्गम वस्त्यांतल्या मतपेट्यांनी मात्र मोठ्या संख्येने होकार दिला होता.

## "जुनं किती उकरायचं?"

'चोरलेल्या पिढ्यां'ची पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत माफी मागितली. त्यातली कित्येक मुलं आज जिवंत आहेत, तेव्हा हे इतिहासजमा म्हणता येत नाही. या समाजातल्या लोकांच्या कोठडीतल्या ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. त्यानंतर आणखी पाचशेहून जास्त मृत्यू झाले आहेत. लोकसंख्येत जेमतेम चार टक्के असलेला हा समाज तुरुंगात साधारण एक तृतीयांश आहे.

जमिनीचा हिशेबही चालूच आहे. सालीवरच्या अर्जाच्या वेळी वडिलांच्या हाताखाली असलेले गलरवुय युनुपिंगू यांनी त्याच खाणीच्या भरपाईसाठी २०१९ मध्ये दावा लावला. २०२३ मध्ये ते गेले. केंद्राचं म्हणणं होतं की असला हक्क संपवायला न्याय्य मोबदला द्यावाच लागतो असं नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. ही मालमत्ताच आहे, आणि मालमत्ता घेतली तर घटनेप्रमाणे मोबदला द्यायला हवा.

करारांचं काम आता राज्यांकडे आहे. व्हिक्टोरियाने २०२५ मध्ये करार कायदा मंजूर केला. क्वीन्सलंडनेही कराराची वाट आखणारा कायदा केला होता. २०२४ मध्ये तिथे सत्ता बदलली आणि नव्या सरकारने काही आठवड्यांतच तो रद्द केला.